वहीतलं शेवटचं वाक्य

नाई म्हटलं ना, म्याडम — अंकिता घरी नाई. सोमवारीच गेली माहेरी, आर्वीले. मी सासू, मले माहीत नसन? पुलगावाहून उन्हात आल्या, पाणी प्या अन् निघा. — चपला? तिच्याच होत. दुसऱ्या घालून गेली. माणसाले एकच जोड राह्यते का?

अन् तुमचा इंग्रजीचा क्लास बंद तिचा. तुमचंच करणं हाय हे. म्हणे घरात रोज जे होते ते लिहा, अन् कसं झालं तेबी लिहा. घरातलं कायले लिहा लावता जी? बजारातलं लिहा! मी चौथी शिकली, पण नणदेच्या पोरीकडून, छायाकडून, तिची इंग्रजी वही वाचून घेतली. 'सासूबाई इन अ लाऊड व्हॉइस बोलतात.' बोलतो मी! साऱ्या नाचणगावाले माहीत हाय. 'मी इन अ हरी जेवते.' मंग, ताटापुढं झोपतेस का? 'नवऱ्यानं मोबाईल बाय फोर्स घेतला. हात ऑन पर्पज पिरगाळला.' — खोटं! धीरज माह्या पोटचा हाय. बाय मिस्टेक लागला हात. त्यानंच शिकवला मले हा शब्द, परवा ओसरीत बसून दहा डाव म्हणून घेतला — कोणी इचारलं तं म्हणजो, जिन्यावरून बाय मिस्टेक पडली. — कोण पडली? कोणी नाई पडली. अजून कोणी नाई पडली, म्याडम.

हे पाहा, शेवटचं वाक्य. काल सकाळी चुलीपुढं बसून लिहून राह्यली होती, तवाच हिसकली मी वही — काल नाई, सोमवारी. सोमवारी म्हणलं ना! छाया घडाघडा वाचत आली, इथं थबकली, अन् चहा टाकून उठून गेली. तवापासून वही पदराखालीच हाय. एवढं सांगा अन् जा.

काय? परत वाचा. 'मी मेली तर सासूबाई म्हणतील, बाय मिस्टेक पडली.'

ऐकलं तं तिनं, परवा ओसरीतलं. भाजी चिरता चिरता सारं ऐकलं पोट्टीनं...

कापसाच्या खोलीकडं काऊन पाहून राह्यल्या? कुलूप धीरजनं लावलं, मी नाई. किल्ली बी त्याच्याच खिशात. — खुडबूड? उंदीर होत ते. उंदीरच होत. हाक मारू नोका तिले, म्याडम!

धीरजची मोटरसायकल वाजली का? वही इकडं द्या, लपवतो मी. पदर घ्या, डोळे पुसा.

बसा. आता निघू नोका.