हँडलिंग चार्जेसचा एकविसावा दिवस

नाही नाही, सही नका करू, पेन आधी खाली ठेवा. मघाशी काउंटरवरून आईला फोन करत होतात ना, 'आज बुक करतोय' म्हणून, ते कानावर आलं. गुडगावच्या शोरूममध्ये मराठी ऐकू येत नाही हो सहसा, म्हणून आगाऊपणे बोलतोय. मी भालचंद्र टेंबे – सेंट्रल गव्हर्मेंट, सेक्शन ऑफिसर, राहायला लक्ष्मीबाई नगर. तुम्ही? मुनिरका – अच्छा, शिकताना घेतलेली खोली, नोकरी लागली तरी सोडवत नाही, होतं असं. बरं, तो कागद इकडे करा. खालून तिसरी ओळ वाचा. हँडलिंग चार्जेस, साडेतीन हजार. कसलं हँडलिंग? गाडी गोदामातून इथे आणायचं. आणि गोदाम कुठे? या मागच्या भिंतीपलीकडे. दार उघडलं, गाडी ढकलली, साडेतीन हजार.

मी काय केलं सांगतो. तो कोपऱ्यात बसलाय ना, खन्ना, मॅनेजर, त्याला एकच विचारलं – किस रूल के अंदर? रूल नव्हताच त्याच्याकडे. मग म्हटलं, लेखी द्या. आवाज चढवायचा नाही, भांडायचं नाही, नुसतं बसून राहायचं. तीन दिवस तो मला चहा पाजत होता, चौथ्या दिवशी हात जोडले, टेंबे साहब, आपके लिए माफ. तुम्हीही हेच करा. – गाडी? नाही हो, गाडी कुठे नेली अजून? त्याचं काय झालं, मग इन्शुरन्स निघाला. यांच्याकडूनच घ्यायचा म्हणे, आणि बाहेर तोच अकराशेने स्वस्त. पाच दिवस त्यात गेले. तेही त्याने मान्य केलं – जरा लवकरच केलं, असं वाटलं मला. मग तो ॲक्सेसरी किट, सक्तीचा, पायाखालच्या मॅट आणि सेंटची बाटली. मी म्हटलं, सेंटने मला शिंका येतात. काढला त्याने. मग मीच बसून यादी पुन्हा वाचली आणि शेवटी टेफ्लॉन सापडलं. गाडीला कसलासा लेप देतात, बावीसशे. मी दाखवेपर्यंत खन्नाच्या लक्षातही नव्हतं बिचाऱ्याच्या.

आज एकविसावा दिवस. रोज, हो. हाफ डे टाकून येतो. हसताय काय, तत्त्वाचा प्रश्न आहे. कॉलनीत जो भेटतो तो विचारतो, टेंबेसाहेब, आली का गाडी? मी म्हणतो, लढतोय. लोकांना पटतं ते. दोघांनी तर त्यांचे कागद आणून दाखवले मला. – तुम्हाला येते ना चालवता? कुठे शिकलात? मामांच्या जीपवर, जळगावला. बरं केलंत. त्या वयात शिकलं की भीती बसायला वेळच मिळत नाही. नाही, मला येते, येत नाही असं नाही. सरळ येते. रिव्हर्सचं जरा – म्हणजे मागे बघायचं की पुढे, हे ऐन वेळी ठरत नाही माझं. मार्चमध्ये क्लास लावला होता, मुद्दाम करोल बागेत, कॉलनीतलं कोणी बघायला नको. आता करोल बाग ही काय शिकायची जागा आहे? दुसऱ्याच आठवड्यात मागे घेता घेता एका ज्यूसवाल्याची हातगाडी आली. कोणाला लागलं वगैरे काही नाही. मोसंबी तेवढी रस्ताभर झाली. शिकवणारा उस्ताद खाली उतरून मोसंबी वेचतोय, लोक काच ठोकतायत, आणि मी आत स्टिअरिंग धरून. गाडी बंद होती, तरी हात सुटेनात. उस्तादने शेवटी एकेक बोट सोडवलं. परत गेलो नाही मी. घरी सांगितलं, कोर्स पूर्ण झाला.

प्रभाला, माझ्या मिसेसला, यातलं काही माहीत नाही. तिला गाडीची फार हौस. कॅटलॉगमधला फोटो कापून फ्रिजवर लावलाय. मुलगी दिली आहे नोएडाला – तिला फोनवर सांगून झालंय, नीरजा, या दिवाळीला आम्ही आपल्या गाडीने येतो, बाबा चालवणार. बाबा चालवणार, बाबा चालवणार, दिवसातून चार वेळा. त्यात ऑफिसचं लोन पास झालं, आता टाळायला कारणच उरलं नाही काही. आणि मी इथे आलो आणि खन्नाने हँडलिंग चार्जेस दाखवले. खरं सांगू? इतकं बरं वाटलं मला. उठून मिठी मारावी त्याला असं वाटलं. – हे कुठे बोलू नका हं. काय बोलून गेलो मीही.

थांबा, आलाच तो. आता बघा कसं बोलायचं ते, शिकून घ्या. हां खन्नाजी, वो टेफ्लॉन का – क्या? किसने? कल शाम को? – मॅडम बावीसशे भरून गेल्या म्हणतोय. कुठल्या मॅडम? रसीद दिखाइए. सही तर प्रभाचीच आहे. भरले. सरळ येऊन भरले. एकवीस दिवस मी इथे बसून – और ये क्या है? लायसन्सची कॉपी? गाडी बाहेर काढणाऱ्याची लागते, हो, पण हा फोटो प्रभाचा आहे. तारीख बघा बरं, मला चष्म्याशिवाय – एप्रिल. मार्चच्या मध्यापासून ती सकाळी सहाला योगासनांना म्हणून जात होती. दीड महिना, रोज.

म्हणजे मोसंबीनंतर लगेच. कोणी सांगितलं असेल हो तिला? आणि एक शब्द नाही बोलली. रोज संध्याकाळी विचारायची, आज काय म्हणाला खन्ना? मी सगळं सांगायचो, त्याने काय म्हटलं, मी काय सुनावलं, आणि ही भाजी निवडत मान हलवायची. वर म्हणायची, तुमच्यासारखं चिवट कोणी नाही बाई.

ती बघा, काचेतून दिसतेय. पांढरी गाडी, आत बसलेली. बसलीसुद्धा. नाही, बरा आहे मी, पाणी नको. तुम्ही तुमचं बघा – हँडलिंग मात्र देऊ नका. सोडायला कशाला येताय, बरं, या, ही पिशवी धरा जरा. – अहो, ती बाजू नको. त्या दाराला ती बसलीय. मी डावीकडे बसणार. द्या पिशवी. या आता तुम्ही.