सान मारिनो आणि बेसमेंटमधला गणपती

...नाही, बसा, पण चपला बाहेर काढा, खाली बेसमेंटमध्ये गणपती आहे. हो, नोव्हेंबरात! हसू नका. तुम्हाला सांगतो, हे सगळं त्या सान मारिनोमुळे झालं. इटलीच्या पोटातला देश, आणि केवढा? तर आपल्या कॅनडातल्या केंब्रिजमध्ये पार्किंगसकट मावेल... आणि माझी ही दशा!

झालं काय, आपल्या मंडळात अध्यक्षपदावरून दरवर्षी पुणे विरुद्ध नागपूर. गेल्या वर्षी तर एकाच हॉलमध्ये एकाच वेळी दोन आरत्या. त्यात हा परीक्षित, सॉफ्टवेअरवाला, इटली फिरून आला नि मीटिंगमध्ये उभा राहिला, 'काका, सान मारिनोमध्ये हेड ऑफ स्टेट दोन असतात. सहा महिन्यांसाठी. एकाचा निर्णय दुसरा व्हेटो करू शकतो. शेकडो वर्षं चाललंय, नो इश्यूज!' लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हाच विचारायला हवं होतं, बाबा रे, तिथे मराठी माणसं किती? नाही सुचलं.

झाले दोन अध्यक्ष. नागपूरकडून मी, पुण्याकडून कस्तुरीताई. गणपती बसला माझ्याकडे. विसर्जनाचा दिवस आला, मी म्हटलं, नदीत करू. कस्तुरीताईंनी चष्मा वर सरकवला, 'सिटी दंड करेल, सूर्यकांतराव. गराजमध्ये टब ठेवू. नदीला माझा व्हेटो.' म्हटलं, टबात बुडवायला बाप्पा काय टी-बॅग आहे? टबाला माझा व्हेटो! संपलं. देश एवढासा, पण त्याचा कायदा बघा, बाप्पा जागचे हलले नाहीत.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ आरती. अंडं बंद. थँक्सगिव्हिंगची टर्की शेजाऱ्याच्या खिडकीतून बघितली, तर बायको, आमची शीला, म्हणते, 'घरात देव बसलाय नि नजर बघा कुठे!' मुलगी म्हणते, 'चिल बाबा, बाप्पाला इथला पीआर मिळालाय, कायमचा मुक्काम.' आता देव बसलेला असताना घराला कुलूप लावून जाणार कसं? आणि डिसेंबरात नागपूरला भाचीचं, अबोलीचं लग्न. मामा मी एकटाच. नवरीला मंडपात मामानेच आणायचं असतं ना? खरं सांगतो, त्या पोरीसाठी जीव तुटतो हो.

शेवटी नाक मुठीत धरून कस्तुरीताईंकडे गेलो. म्हटलं, ताई, टब तर टब. तर त्या म्हणतात, 'अहो, अबोलीचं कळलं मला. मी आत्ताच मंडळाला ईमेल टाकली, नदीत करू.' म्हटलं, छे, तुमचा मान राहू द्या, टबच. 'नाही, तुमच्या मनासारखं होऊ द्या.' मी म्हणतो टब, त्या म्हणतात नदी, तुमचंच खरं, नाही तुमचंच... आणि तासाभराने, सांगायला लाज वाटते, दोघांनीही परत व्हेटो वापरला!

तो एवढासा देश, केंब्रिजच्या पार्किंगमधला... तो कसा चालतो हो? कोण चालवतं?

मग मी राजीनामा दिला. तर परीक्षित म्हणतो, 'काका, राजीनामा म्हणजे पण निर्णयच ना. दोघांची सही लागेल.' कस्तुरीताईंनी तो फेटाळला. रडल्याच हो, म्हणाल्या, 'तुमच्यासारखा माणूस मंडळाला परत मिळायचा नाही.'

काल बहिणीचा फोन आला. म्हणाली, राहू दे दादा, आम्ही अध्यक्ष नसलेला मामा शोधतोय.