आज मेलेल्याला उठू द्या

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या नाटक मंडळीचे मालक. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या प्रमुख पाहुण्या, ज्यांनी सिनेमात आमच्या सत्कारमूर्तींची विधवा इतक्यांदा रंगवली आहे की आता घरी खऱ्या नवऱ्याला यायला उशीर झाला तरी त्यांचे डोळे भरून येतात. स्वतः सत्कारमूर्ती, माझा मित्र, ज्याला मंडळीत लहानथोर सगळे 'चिरंजीव' म्हणतात. पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या त्याच्या मातोश्री. आणि मायबाप रसिकहो!

सत्कार दुसऱ्या आणि तिसऱ्या अंकाच्या मध्ये उरकायचा, अशी मालकांची आज्ञा आहे. घंटा झाली की पडदा वर. तेव्हा थोडक्यात बोलतो. असं म्हणून जे हमखास लांबण लावतात त्यांतलाच मी एक, हेही आधीच सांगून ठेवतो.

कंबरेची सुरी बघून घाबरू नका, लाकडाची आहे. चिरंजीवांना मारतो तो मी. या नाटकात सुरीने, सिनेमांत बंदुकीने, विषाने, आणि एकदा तर जिन्यावरून पियानो ढकलून! त्याच्या मरणाला बक्षिसं मिळाली, वर्तमानपत्रांनी रकाने भरभरून लिहिलं. मारणाऱ्याला कुणी साधं फूल दिलं का हो? नाही. असो, आमचं नशीबच खलनायकाचं.

पण हा मरतो मात्र असा की बोलायची सोय नाही. बाकीचे नट छाती धरतात, डोळे फिरवतात, अर्धा रंगमंच लोळून काढतात. हा काय करतो? सुरी लागल्यावर कोटाचं बटण लावायला बघतो. माणूस बाहेर जायला निघाला होता ना, त्याला अजून जायचंय. बोटं ऐकत नाहीत, बटण निखळतं, घरंगळत पुढे येतं, आणि ते थांबलं की हा गेलेला असतो. अख्खं नाट्यगृह त्या एका बटणाचा आवाज ऐकत बसतं. मी खुनी असून पळायचं विसरतो आणि त्या बटणाकडे बघत उभा राहतो, मग तुमची काय कथा!

हे बटण कोण शिवतं, ठाऊक आहे? या आई. प्रत्येक प्रयोगानंतर कोट घरी जातो आणि दुसऱ्या दिवशी बटण लावून परत येतो. "अरे, हे एकच बटण रोज कसं तुटतं रे? कोट घालतोस की कोटाशी कुस्ती खेळतोस?" असं त्या विचारतात. हा म्हणतो, "सैल शिव ना आई." त्यावर उत्तर ठरलेलं, "सैल शिवायला मला माझ्या आईनं शिकवलं नाही." मग हा बिचारा तिसऱ्या अंकाआधी विंगेत उभा राहून ब्लेडने दोरा अर्धा कापून ठेवतो.

आईंना हे माहीत नाही, कारण आईंनी तिसरा अंक धड पाहिलेला नाही. एकदाच बसल्या होत्या, याच नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला, पण माझी सुरी निघाली तशी पडदा पडेपर्यंत डोळे मिटून घेतले. आमच्या मंडळीत मालकांचा एक नियम आहे, तोही ऐकून ठेवा. नाटकात जो मेला, त्याने शेवटी नमस्काराला यायचं नाही. मालक म्हणतात, "लोक ज्याच्यासाठी रडले तोच हसत पुढे आला, तर त्यांच्या रडण्याचं आपण हसं केलं." त्या दिवशी पडदा पडला, पुन्हा उघडला, आम्ही सगळे हात जोडून ओळीत उभे. सगळे, एक सोडून! आईंनी ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, पुन्हा पाहिली, आणि बाजूच्या पायऱ्यांनी धावत वर आल्या, थेट रंगपटात; मी त्यांच्या मागोमाग. चिरंजीव रंगपटात टेबलावर पाय पसरून बिस्किटं खात होते. आईंनी त्याला पोटाशी धरलं आणि दुसऱ्या हाताने माझ्या कानाखाली जो काही आवाज काढला, तो त्या नाटकातला एकमेव खरा आवाज होता!

तेव्हापासून मध्यंतर झालं की आई पिशवी उचलतात आणि घरी जातात. सिनेमातही मी पडद्यावर आलो की त्या बाहेर. शेवट या शेजारी बसलेल्या सूनबाई सांगतात, "शेवटी ते परदेशी गेले हो!" आईंच्या हिशेबाने यांचा मुलगा निम्मं जग फिरून आलाय. मी घरी गेलो की चहा मिळतो, नाही असं नाही, पण आधी हुकूम होतो, "हात धुऊन या."

हसा, हसा. पण मघाशी रंगपटात रंग लावताना हा मला काय म्हणाला सांगू? रागावू नकोस रे, सांगतो मी. गुडघ्यांनी आता दगा दिलाय. रोज पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. आज हा शेवटचा पडणार. आरशात बघत म्हणाला, "सगळ्यांनी पाहिलं रे. तिसऱ्या अंकात मला पहिल्या रांगेत एकच खुर्ची दिसते, रिकामी. आज तरी थांबेल का ती?" एवढा मोठा नट, आणि आवाज कसा, तर शाळेच्या गॅदरिंगमधल्या पोरासारखा. मला फार वाईट वाटलं.

म्हणून आई, सगळ्यांदेखत हात जोडतो. आज थांबा. आणि मालक, तुमच्यापुढे तर लोटांगणच घालतो. आज एक दिवस नियम मोडा. आज मेलेल्याला उठू द्या!

मालकांनी मान हलवली. ही नकाराची मान आहे मंडळी, रजा मागताना मी हिचं पुष्कळ दर्शन घेतलंय.

आणि ही घंटा झालीच. आई उठल्या... पिशवीसकट उठल्या. आई, अहो आई! काय म्हणता? जरा मोठ्याने बोला, मागे ऐकू जाऊ दे.

मंडळी, आई मालकांना म्हणताहेत, "तुमचा नियम तुम्ही सांभाळा. पडदा पडला की मी इथून हाक मारणार. हा पहिल्या हाकेला जन्मात उठलेला नाही, पण तिसरीला उठतो. तेव्हा तुम्ही आडवे येऊ नका म्हणजे झालं."

मालक हसले! हे मात्र मी पहिल्यांदाच पाहतोय. "आईच्या हाकेला माझा नियम नाही," म्हणतात. घ्या! आईंनी पिशवी सूनबाईंकडे दिली आणि बसल्या. आणखी काहीतरी सांगताहेत. काय? "बटण आज दुहेरी दोऱ्याने शिवलंय." चिरंजीव, पळ! ब्लेड शोध आधी!

मंडळी, मला आता एक खून करायचाय, तेव्हा रजा घेतो. प्रमुख पाहुण्यांचे, मालकांचे आणि इतकी वर्षं आमच्यासाठी रडणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. खलनायकाची जीभ आहे, काही तिखट गेलं असेल तर पोटात घाला.

आणि आई, खुर्ची सोडू नका. भीती वाटली तर डोळे मिटा, पण बसून राहा. याला मी शेवटचं मारतो, आणि मग तुमचा तुम्हाला परत देतो.