चावीघर, आपल्या अक्षरांत

...आणि वर पेंटर मलाच म्हणतो, "साहेब, तुम्ही पाठवलंत तेच रंगवलंय!" अहो, काय रंगवलंय? दहा फुटी पाटीवर, लालभडक रंगात, एक्स, एन, मग दोन आडव्या रेघा, मग मांजर कीबोर्डवरून चालून गेल्यासारखी इंग्रजी अक्षरं आणि आकडे... आणि भोवती सोनेरी किनार! आमचं किल्ल्या बनवायचं दुकान, नाव चावीघर. मी मागितलं काय होतं? दुकानाचं नाव, आपल्या अक्षरांत! बास!

तुम्हाला सांगतो, मला वेबसाइटच्या पत्त्याशी काही देणंघेणं नव्हतं. इंग्रजीतला होता की, चार वर्षं चालला बिचारा. पण आमचे अण्णा! अण्णा म्हणजे वडील, दुकान त्यांनीच उभं केलेलं. गुडघे गेले, घरी बसले, म्हणून आम्ही हातात मोबाइल दिला, म्हटलं इथून बघा दुकान. तर इंग्रजी टाइप होईना. एक अक्षर सापडेपर्यंत आधीचं विसरायचे! एक दिवस मोबाइल उशीखाली सारला आणि म्हणाले, "जन्मभर लोकांची कुलपं उघडली रे... आता माझंच दुकान मला उघडत नाही." जेवले नाहीत त्या दिवशी. मीही जेवलो नाही, खोटं कशाला सांगू?

लेक म्हणाली, "बाबा, पत्ता आपल्या लिपीत घेऊ, हल्ली मिळतो." मिळतो! कसा मिळतो ते मला विचारा! असे पत्ते विकणाऱ्या कंपनीला फोन लावला, पलीकडे मंजुळ आवाज, "सर, इंग्लिशमध्ये स्पेलिंग सांगा ना." म्हटलं, बाई, इंग्लिश नकोच आहे. "हो सर, बरोबर... पण स्पेलिंग?" तीनदा! चौथ्यांदा मी हात जोडले, फोनवर, कुणाला दिसणार? मिळाला एकदाचा. तर ज्याच्याकडून कोऱ्या किल्ल्या मागवतो त्याच्या फॉर्मात हा वेबसाइटचा पत्ता भरला, तर फॉर्म म्हणतो, 'कृपया योग्य पत्ता लिहा.' अरे, अयोग्य काय त्यात? दुकानाचं नाव, आपल्या अक्षरांत!

बरं, तेही सोसलं. आनंदाच्या भरात मोबाइलवरून पत्ता उचलला आणि पेंटरला धाडला, न बघता. तिथेच माती खाल्ली! लेक कपाळावर हात मारून म्हणते, "बाबा, आत यंत्र आपलं नाव असल्या इंग्रजी अक्षरांतच लिहून ठेवतं. कॉपी करताना तेच आलं." अगं, मग आधी सांगायचं! आणि पेंटर, वीस वर्षं आमची पाटी रंगवणारा, त्याला वाटू नये का, हे काय भलतंच? "मला वाटलं, परदेशी कंपनीला विकलंत दुकान. कसं विचारायचं, दुःखाची गोष्ट!"

आणि नेमके त्याच सकाळी अण्णा, काठी टेकत, पाटी बघायला हजर! बघितली. खालून वर, वरून खाली. मला म्हणाले, "हे मला वाचता येत नाही." एवढंच! म्हटलं, अण्णा, पाटी मरू दे, मोबाइल काढा! आता उघडलं नाही तर संपलंच की सगळं... परत हा माणूस दुकानाकडे बघणार नाही. पेंटर शिडीवर थांबलेला, ब्रशातून लाल रंग माझ्या चपलेवर टपटप, मी हलत नाही. अण्णांचं एक बोट. चा... वी... थांबले. चष्मा पुसला. अहो, आता कसला पुसताय! घ... र... टिंब, पुढची अक्षरं... गोल फिरतंय, फिरतंय...

"उघडलं," अण्णा म्हणाले.

हुश्श! तुम्हाला सांगतो, तिथेच पायरीवर बसकण मारली मी, ओल्या रंगावर. आणि अण्णा हसत होते हो, दोन वर्षांनी. पेंटरने मुकाट्याने पाटी पुसली आणि लिहिलं, दुकानाचं नाव, आपल्या अक्षरांत. डोळे भरून आले माझे. पँट गेली, जाऊ दे!

झालं, सुटलो म्हटलं. तर दुसऱ्या दिवशी वेबसाइटवर सात तक्रारी! 'फोटोत काउंटरवर धूळ दिसते.' 'दुपारी दोन ते तीन दुकान बंद कशाला?' 'मालक आळशी आहे.' खाली सही, एक जुना ग्राहक. जुना ग्राहक शेजारच्या खोलीत खोकतोय, मला ऐकू येतंय! बसलोय आता उत्तरं देत. काय करणार... तक्रारीसुद्धा आपल्याच अक्षरांत आहेत, वाचता येत नाहीत म्हणायची सोय नाही!