वाघ आमच्या आज्ज्याचा

— आईशप्पत खरं हाय पावणं, हसू नका. न्यू पॅलेसातला त्यो पेंढा भरल्याला वाघ, आत्ता बघून आलासा त्यो, माझ्या आज्ज्यानं मारलाय. म्हंजे, मारला महाराज सरकारांनीच — बार त्यांचा. आज्जा हाकाऱ्यांत हुता, वाघ उठवायला डबा बडवत. पर डावा कान बघितलासा? जरा दुमडलाय. त्यो आज्ज्यानं पिरगाळलाय. जित्या वाघाचा? छ्या, मेल्यावरच की! जित्याचा कोण पिरगाळंल?

बसा, उठू नका. तुमच्या मंडळींचा अजून निम्मा वाडा बघायचा हाय. मी व्हय? मी लेकीची वाट बघालोय. संयोगिता. मुरगूडला दिलीया. सकाळीच फोन आलता — 'तात्या, तेजस्वीला वाघ दाखवायला आणतो.' तेजस्वी म्हंजे नात, चार वर्षांची. दिसायला? आईवरच गेली आसंल की. गेल्या आयतवारी पण येणार हुत्या, गाडी चुकली. त्याच्या आधीच्या आयतवारी — पाऊस हुता. हुता की न्हाय कुणास ठाऊक, हुताच.

चूक माझीच. सोयरीक जमवताना बोलून बसलो — राजवाड्यात आमचं घरच्यासारखं येणंजाणं हाय, आतला वाघ बी आमचाच. लग्न झालं, आन् आठ दिवसांत व्याही हंबीरराव सात माणसं घिऊन दारात. 'चला, दाखवा तुमचा वाडा.' गेटवरचं पोरगं म्हणालं, 'काका, रांगेत.' मी म्हटलं, मला वळखलं न्हाईस व्हय? न्हाय म्हणालं. सगळ्यांदेखत. मग काय, सगळी वरात रांगेत, उन्हात, आन् मी पुढं हसत हुबा. हंबीरराव मला एक शब्द बोलले न्हाईत. पोरीला बोलले. रोज. पाणी मागायचं झालं तरी — 'राजवाड्याची लेक, तांब्या आण.' वरीसभर सोसलं तिनं. मग एकदा म्हणाली, 'तात्या, बोललासा तुमी, आन् ऐकतो मी.' तेवढंच. त्याच्यानंतर तिनं माझा फोन उचलला न्हाय. बाळंतपण बी तिकडंच केलं. कळालं ते गावातल्या माणसाकडनं, पेढा बी त्यानंच दिला.

त्या तुमच्याच न्हवं, लाल साडीतल्या? हात करालीत बघा. जावा, जावा.

ओ पावणं — वाघाचं खरं हाय, बरं का. डबा आज्ज्यानं बडवलेलाच हाय. फोन तेवढा आला न्हवता.

जावा की आता! काय बघालासा माझ्याकडं?