नाबरबाईंचा न पाहिलेला विद्यार्थी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या वाचनालयाचा भार इतकी वर्षं वाहणारे आदरणीय शामराव मसुरकर, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या नाबरबाई, स्पॅनिश वर्गाचे आजी-माजी विद्यार्थी, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई कौसल्या, आणि दादरच्या या सभागृहात कामधंदा सोडून आलेल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा जय भीम आणि नमस्कार.

मी वैशाली गमरे. शामरावांनी मला सांगितलं, बाईंविषयी चार चांगले शब्द बोला. बाईंनी मात्र काल फोन करून वेगळंच सांगितलं. म्हणाल्या, "गुणगान नको गं. झालं ते सांग. लोक काय म्हणतील ते माझ्यावर सोड." अध्यक्षमहाशय, आपली परवानगी गृहीत धरते.

सुचित्रा नाबर म्हणजे फोर्टातल्या एका निर्यात कंपनीत सगळी नोकरी स्पॅनिश पत्रव्यवहारात घालवलेल्या बाई. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच, मागच्या खोलीत वर्ग सुरू केला. त्यांचा वर्ग इतर वर्गांसारखा नव्हता. "हॉटेलात जेवण मागायला खाणाखुणा चालतात, सरकारी खिडकीवर चालत नाहीत," असं त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. मग स्वतः टेबलाच्या पलीकडे बसून कारकून व्हायच्या आणि आम्ही अर्जदार. आमचे नाना, मुलगी माद्रिदला दिलेली, तिच्याकडे राहायला जायचं तर परवाने लागतात म्हणून सत्तरीत शिकायला आलेले. त्यांना बाईंनी इतक्या वेळा "उद्या या" म्हणून परत पाठवलं, की नाना खरोखरच रुसले होते. हसताय ना नाना?

मला यातलं काही नवं नव्हतं. मी परळच्या एका महापालिका कचेरीत जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसते. पण आतल्या बाजूला. बाहेर उभं राहणं काय असतं, ते मला राजरत्नमुळे कळलं.

राजरत्न माझा धाकटा भाऊ. वरळीच्या चाळीत आम्ही एकाच खाटेवर बसून अभ्यास करायचो. म्हणजे मी मोठ्याने वाचायची आणि तो नुसता ऐकायचा. पुस्तक उघडायचा नाही, आणि माझं चुकलं की त्याचंही नेमकं तेच चुकायचं. पुढे तो बोटीवर लागला, इंजिनखोलीत. दक्षिण अमेरिकेतल्या एका बंदराबाहेर त्याची बोट नांगरून उभी होती. एका सकाळी तो कामावर आला नाही म्हणून सोबती बघायला गेले. चादर घडी केलेली, चपला खाटेखाली, आणि तो नाही. पाणबुडे उतरले, सगळा किनारा पालथा घातला. काही सापडलं नाही.

वर्षं गेली. तिथल्या कायद्याची मुदत संपल्यावर बोटीच्या कंपनीने कळवलं, मृत्यूचा दाखला तिथल्याच नोंदणी कचेरीतून घ्यावा लागेल आणि अर्ज नातेवाइकानेच करायचा, त्यांच्या भाषेत. तोवर माझा भाऊ कुठल्याही कागदावर धड जिवंत नव्हता आणि मेलेलाही नव्हता. आईने मागच्या विधींसाठी भन्तेजींना बोलावलं नव्हतं. "कागद येऊ दे, मग बघू," एवढंच म्हणायची.

म्हणून मी या वर्गात आले. माझं नाव, माझा भाऊ, मला दाखला हवा आहे, अडचण काय आहे, असं एकेक वाक्य बाईंनी माझ्याकडून घोटून घेतलं. 'अडचण' हा शब्द त्यांच्यात पुल्लिंगी आहे, एल प्रोब्लेमा. माझ्या तोंडून दर वेळी स्त्रीलिंगी ला प्रोब्लेमाच निघायचं. बाई टेबलावर पेन्सिल आपटायच्या.

इथे संध्याकाळ होते तेव्हा तिथे कचेऱ्या उघडतात. त्यामुळे पहिला फोन मी वर्गातूनच लावला, स्पीकरवर, सगळ्यांसमोर. पलीकडे ओल्गा नावाच्या बाई होत्या. आवाजावरून पन्नाशीच्या, शांत. मी पाठ केलेलं सगळं बोलले. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "पण हे गृहस्थ तर स्वतःच येतात."

मला वाटलं, माझं ऐकण्यात चुकलं. बाईंनी फोन जवळ ओढला आणि पुन्हा विचारलं. ओल्गाबाई म्हणाल्या, "राजरत्न गमरे. नाव अवघड आहे म्हणून लक्षात राहिलं. ते हयातीचा दाखला मागतात. ओळखीचा कागद नाही म्हणून मी परत पाठवते. सुरुवातीला फक्त नाव सांगता यायचं. आता बरंच बोलतात, दर खेपेला थोडं जास्त." मग त्या किंचित हसल्या. "आणि तेही तुमच्यासारखंच ला प्रोब्लेमा म्हणतात. तुम्हा दोघांची शिक्षिका एकच आहे का?"

मंडळी, या वाचनालयाच्या मागच्या खोलीत तेव्हा आम्ही आठदहा जण असू. बाईंनी फोन खाली ठेवला आणि ओल्गाबाईंची वाक्यं जशीच्या तशी वहीत उतरवून घेतली.

आपल्याला वाटेल, कुणीतरी तोतया असेल. आम्हालाही तेच वाटलं. कंपनीमार्फत तिथल्या पोलिसांना कळवलं. ते जाऊन आले. दरवाजावरच्या पहारेकऱ्याने असा माणूस पाहिला नव्हता. शेजारच्या खिडकीवरच्या मुलीनेही नाही. ओल्गाबाईंनी मात्र वर्णन दिलं: सावळा, बारीक, हनुवटीवर व्रण, पायात काही नाही. तो व्रण चाळीच्या जिन्यावरून पडल्याचा आहे. तो मी त्यांना कधी सांगितला नव्हता.

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. मला भीती होती ती रडेल. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मग तू नीट शिक. तो तुझ्या मागनंच येतोय."

"आई, तो नाहीये गं."

"नसंल. पण शिकतोय ना?"

मी वही काढली आणि तिच्या शेजारी बसून मोठ्याने वाचू लागले.

बाईंना मी आईचं म्हणणं सांगितलं. मग उठून त्यांनी फळ्यावर एकच मोठं वाक्य लिहिलं: 'मी राजरत्न. हा माझ्या बहिणीचा नंबर. तिला आत्ता फोन लावा.' आणि पूर्ण वर्गाकडून ते म्हणून घेतलं. नाना, आमच्या वर्गातला अभय, सगळ्यांनी माझ्या भावासाठी माझा नंबर स्पॅनिशमध्ये पाठ केला. बाई म्हणत होत्या, "मोठ्याने. लांब जायला हवं." तेव्हा कुणालाही हसू आलं नाही.

पुढच्याच आठवड्यात वर्ग सुटून मी जिना उतरत होते, आणि फोन वाजला. ओल्गाबाईंनी आपणहून केलेला पहिला फोन. मी तशीच वर धावले आणि स्पीकर लावला. त्या सांगत होत्या, "ते आले होते. पूर्ण वाक्य बोलले, एकही चूक नाही. नंबरही बरोबर. मी फोन उचलला, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. म्हणाले, आत्ता नको. ताई वर्गात आहे. तिचं शिकून होऊ दे, मग कागद तिला द्या. मी नंबर लिहून घेतला आणि वर पाहिलं, तोवर ते गेले होते."

"ताई? हाच शब्द वापरला?" मी विचारलं.

"हो. त्याचा अर्थ मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "मी ऐकला तसा सांगितला."

बाई फळ्याजवळ उभ्या होत्या. त्या मला मराठीत म्हणाल्या, "वैशाली, 'शिकून होऊ दे' ही रचना आपण अजून घेतलेली नाही. हे त्याला मी शिकवलेलं नाही."

महिन्याभरात दाखला आला. मृत्यूचा. ओल्गाबाईंनीच सही केली होती. "त्यांनीच द्या म्हटलं," एवढंच त्यांनी सांगितलं. भन्तेजी आले, आईने सगळं रीतसर केलं. राजरत्न त्या खिडकीवर पुन्हा आला नाही, असं त्या प्रत्येक फोनला सांगत होत्या.

निमंत्रणपत्रिकेवर बाईंच्या 'परदेशी प्रयाणानिमित्त' असं छापलंय. बऱ्याच जणांना वाटतंय, बाई भाच्याकडे अमेरिकेला निघाल्या. तसं नाही. बाई त्या बंदराकडे निघाल्या आहेत. मी खूप समजावलं. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर शिकवलं. माझा एक विद्यार्थी असा आहे ज्याचा चेहरा मी पाहिलेला नाही. त्याला इतकं चांगलं स्पॅनिश कुणी शिकवलं, तेही बघायचंय."

परवा मी हे ओल्गाबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच. सोमवारपासून ते बाहेरच्या बाकावर बसून आहेत. खिडकीवर येत नाहीत, काही मागत नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, बाईंची वाट बघतोय."

आईला मी हे त्याच संध्याकाळी सांगितलं. काल तिने सुका जवळा भाजून, लसूण-मिरची घालून चटणीची बरणी भरली आणि बाईंच्या हवाली केली. त्याच्या हातात द्यायची की त्याच्या नावाने समुद्रात सोडायची, हे तिने सांगितलेलं नाही. बाईंनीही विचारलेलं नाही.

बाई, जपून जा. पोहोचलात की फोन करा, मी वर्गातच असेन. मंगळवारपासून तो मीच घेणार आहे.

वाचनालयाने ही संधी दिली, आपण सर्वांनी हे शांतपणे ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभारी आहे. मान्यवरांचा उल्लेख राहिला असेल, मर्यादेपेक्षा जास्त बोलले असेन, तर सांभाळून घ्या. आपल्यापैकी कुणाला यातलं काही पटलं नसेल, तर त्याचीही क्षमा मागते. नमो बुद्धाय, जय भीम.