निळ्या बोयाचं गाठोडं

— नको कसं म्हणता, अण्णा? ओझं तरी केवढंसं! एक लुंगी, दोन बनियन अन् त्याच्या आईनं घातलेलं कोळंबीचं लोणचं. जाफन्याच्या तुरुंगात आमच्या पोराला, जेफ्रिनला एवढं पोचवा, बस. आम्हा रामेश्वरमकडच्यांना तिकडं कोण पाय ठेवू देतंय? वर्षातून एकदा संत अंतोनीयारच्या जत्रेला या कच्चतीवू बेटावर तुम्ही तिकडून येता, आम्ही इकडून, तेवढीच काय ती गाठ. तुमच्याशिवाय कुणाला सांगू, मरियनाथन अण्णा? धनुष्कोडी बुडाली त्या वादळात आमचा बाप तुमच्या किनाऱ्याला लागला, तर तुमच्या वडलांनी त्याला पेज पाजली, स्वतःची लुंगी दिली — मरेपर्यंत सांगायचा. तेव्हा समुद्र तो केवढासा वाटायचा! ओहोटीला वाळूचे दांडे उघडे पडायचे, पलीकडच्या लग्नाला आजोबा सकाळी शीड उभारायचे अन् पंगतीला हजर. मग दिल्लीनं अन् कोलंबोनं पाण्यावर रेघ ओढली. आता मासा काय रेघ बघून पोहतो होय? आमच्याकडं मासाच राहिला नाही, म्हणून येतो आम्ही तुमच्याकडं. का नाही राहिला? — आम्हीच ट्रॉलर लावून तळ खरवडला, दुसरं कोण! जाऊ दे ते. पोरगं बिचारं नावेवर नुसता भात शिजवायचं, तुमच्या नेव्हीनं त्यालाही धरलं.

काय बघताय? दोरी होय? घाईत बांधली हिनं, हाताला आली ती. घरात ढीग पडलाय असल्यांचा — ढीग म्हणजे, आपलं, वाहत येतं की समुद्रातून. अन् तिला लोंबतोय तो जाळ्याचा बोया? हो, निळा, वर पांढरा क्रूस. कुणीही रंगवतं तसा. — नाही रंगवत? तुमच्या घरचीच खूण? असं म्हणता. पोंगलच्या सुमाराला तुमचं जाळं गेलं, ते मघाशी सांगितलंत, ऐकलं मी. बायको दारात बसून रडली म्हणालात. धुकं होतं हो अण्णा त्या दिवशी! धुक्यात कळतंय का कुणाचं जाळं — म्हणजे असेल धुकं, मला काय ठाऊक, मी कुठं... पोरगं ओरडत होतं, अप्पा, थांबवा, लहान होडीवाल्याचं जाळं आहे, सोडवून देऊ. तोंड मिट म्हणालो. सुकाणू माझ्या हातात, अन् जाळ्यावर कोयता चालवायला त्यालाच लावलं. तेव्हापासून ते माझ्याशी धड बोललं नाही. त्याला धरलं त्या खेपेला मी ताप आला म्हणून घरी झोपलो होतो. ताप कसला! नेव्ही फिरतेय, कानावर आलं होतं. मला लाज वाटते, अण्णा. बापाला पेज पाजणाऱ्याच्या घरचा घास काढला अन् वर त्याच दोरीनं गाठोडं बांधून त्याच्याच पुढ्यात ठेवलं. हरवलेलं शोधून देतो म्हणतात हा अंतोनीयार — दिलं की!

उठलात? होडी सुटेल, हो. जा तुम्ही. गाठोडं राहू दे, मी तरी कोणत्या तोंडानं — अहो, गाठ सोडताय कशाला? बरं... लुंगी तुमच्या पिशवीत. लोणच्याची बरणी उभी ठेवा, सांडेल. नेताय? खरंच नेताय? त्याला म्हणावं, अप्पानं — नाही, माझं काही सांगू नका. आईनं दिलंय एवढंच सांगा.

अण्णा, दोरी माझ्या हातात का देताय? तुमची आहे ती. अण्णा —